युजरच्या खात्यात शिरून बिघाड शोधताय? या चुका टाळा

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष उत्पादक गटाची वेबसाइट मी सांभाळते. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की सभासद तिथे फवारणीच्या नोंदी भरायला लागतात. मागच्या हंगामात एका काकांचा फोन आला, "ताई, ‘जतन करा’ दाबलं की पान कोरं होतंय. तीनदा भरून झालं." मी माझ्या ॲडमिन खात्यातून तोच अर्ज भरून पाहिला. लगेच जतन झाला. "काका, इकडे तर चालतंय," असं सांगून मी फोन ठेवला. चूक तिथेच झाली.

ॲडमिनला सगळी दारं उघडी असतात, त्यामुळे कुठलं दार बंद आहे हे त्याला दिसतच नाही. सभासदांची यादी साइटवर चढवताना काकांचं खातं नुसत्या वाचकाच्या भूमिकेत गेलं होतं. त्यांना अर्ज दिसत होता, जतन करायची परवानगी नव्हती. त्यांच्या खात्यात जाऊन पाहिल्यावर हे दोन मिनिटांत कळलं, पण तोवर त्यांचा आठवडा वाया गेला होता. तेव्हा युजर म्हणून साइट बघायची सोय हवीच. ती वापरायची कशी, यात मात्र बरेच जण घसरतात.

पासवर्ड मागू नका

"दादा, जरा पासवर्ड व्हॉट्सॲप करा ना, बघून सांगतो." नाशिकमध्ये छोट्या दुकानांच्या, क्लासच्या, सोसायट्यांच्या साइट सांभाळणाऱ्यांकडून हे मी रोज ऐकते. कृपा करून हे थांबवा. तो पासवर्ड चॅटमध्ये कायमचा पडून राहतो, आणि बऱ्याच लोकांचा तोच पासवर्ड ईमेललाही असतो. त्याहून वाईट म्हणजे, मदत करणारा माणूस पासवर्ड मागतो, ओटीपी मागतो, अशी सवय आपणच लोकांना लावतो. उद्या एखादा भामटा तेच मागेल तेव्हा ते बिनदिक्कत देतील.

पासवर्ड बदलून आत जाणं हाही उपाय नव्हे. युजर बाहेर अडकतो आणि त्याच्या मोबाइलवरचं चालू लॉगिनही तुटतं.

याची गरजच नसते. साइट बनवायच्या वर्डप्रेससाठी ‘युजर स्विचिंग’ प्लगइन (वरून जोडायचा भाग) आहे, तशाच ड्रुपलसाठी ‘मास्करेड’ आहे, ऑनलाइन वर्ग चालवायच्या मूडलमध्ये ‘लॉगिन ॲज’ मुळातच असतं. यातलं कुठलंही वापरलं तरी पासवर्ड कळावा लागत नाही. ऑनलाइन दुकानांसाठीच्या मजेंटोची पद्धत मला सगळ्यांत आवडते. तिथे ग्राहकाने स्वतःच्या खात्यात मदतीची परवानगी दिली असेल तरच दुकानदाराला आत जाता येतं.

आत गेलात की हात आवरा

ही चूक माझ्या हातून झाली आहे. येवल्याच्या एका पैठणीच्या दुकानाची साइट. एका ताईंना सवलतीचा कूपन लागत नव्हता. मी त्यांच्या खात्यात गेले, कार्टमध्ये जांभळी मोरबांगडी पैठणी होतीच, कूपन टाकला, तो लागला. पुढचं पानही तपासावं म्हणून घरपोच पैसे देण्याचा पर्याय निवडून ऑर्डर टाकली आणि लगेच रद्द केली. माझ्या लेखी तपासणी संपली. त्या ताईंच्या फोनवर मात्र एकापाठोपाठ दोन मेसेज गेले, ऑर्डर नोंदवल्याचा आणि रद्द झाल्याचा. त्यांनी घाबरून दुकानात फोन केला, "माझ्या खात्यातून कोणी खरेदी केली? कार्ड बंद करू का?" वर त्यांनी आठ दिवस जपून ठेवलेलं कार्टही रिकामं झालं होतं. हातमागाचा एकच नग, तो पुन्हा साइटवर दिसेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागला.

त्या खात्यात तुम्ही जे कराल ते त्या माणसाने केलं असंच साइट धरते. न वाचलेला संदेश उघडलात तर तो वाचलेला होतो. पत्ता बदललात तर पुढचं पार्सल तिकडे जातं. म्हणून आत फक्त बघा. काही करून बघायचंच असेल तर त्याच भूमिकेचं चाचणी खातं तयार करा, किंवा साइटच्या चाचणी प्रतीवर करा.

शेजारच्या टॅबचाही घोळ होतो. एका ब्राउझरच्या सगळ्या टॅबना कुकी (कोण लॉगिन आहे याची साठवलेली खूण) एकच, त्यामुळे एका टॅबमध्ये युजर झालात की दुसऱ्या टॅबमध्येही युजरच असता. आपण ॲडमिन आहोत असं समजून तिथे काहीतरी लिहिलं जातं आणि ते त्या माणसाच्या नावावर छापलं जातं. या कामासाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवा.

इथे शिरून काही दिसणार नाही

लॉगिनच होत नसल्याची तक्रार असेल तर खात्यात शिरून उपयोग शून्य, कारण आपण लॉगिनची पायरीच ओलांडून आत गेलेलो असतो. अशा वेळी आधी मोबाइलचा कीबोर्ड बघायला सांगा. पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं, किंवा सुचवलेला शब्द निवडला की मागे एक मोकळी जागा सुटते.

दुसरा फसवा प्रकार कॅशेचा, म्हणजे आधीच साठवून ठेवलेल्या पानांचा. लॉगिन न केलेल्या पाहुण्याला साठवलेलं पान मिळतं. त्या पानातल्या अर्जात सुरक्षेचं टोकन (अर्ज खरा आहे हे ओळखायची सांकेतिक खूण) असतं, आणि वर्डप्रेसमध्ये ते १२ ते २४ तासच चालतं. पान त्याहून जुनं असेल तर पाहुण्याचा अर्ज नाकारला जातो. लॉगिन केलेल्याला बहुतेक वेळा ताजं पान मिळतं, म्हणून कुठल्याही खात्यातून पाहिलंत तरी सगळं ठीकच दिसतं. इथे इनकॉग्निटो विंडो उघडा आणि पाहुणे म्हणूनच बघा.

नोंद नसेल तर सोय बंद ठेवा

कोण, कोणाच्या खात्यात, कधी गेलं याची नोंद राहिलीच पाहिजे. मूडल ती आपणहून ठेवतं, वर्डप्रेसला ‘सिंपल हिस्टरी’सारखं प्लगइन जोडावं लागतं. ही परवानगी एकदोघांनाच द्या, आणि काम सोडून गेलेल्या मुलाचं ॲडमिन खातं त्याच दिवशी काढा. दुसऱ्याच्या नजरेने बघण्याची सोय किती महागात पडते ते २०१८ साली फेसबुकला कळलं. आपलं प्रोफाइल दुसऱ्याला कसं दिसतं ते दाखवणाऱ्या त्यांच्या ‘व्ह्यू ॲज’मधल्या चुकीमुळे हल्लेखोरांनी जवळपास ३ कोटी खात्यांचे लॉगिन टोकन, म्हणजे पासवर्डशिवाय आत नेणाऱ्या चाव्या, पळवले. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पैठणीच्या प्रकारानंतर मी आत जाण्याआधी एक मेसेज करते : "ताई, कूपन तपासायला पाच मिनिटं तुमच्या खात्यात येऊ का? फक्त बघेन, काही बदलणार नाही. पासवर्ड नको." झालं की दुसरा : "बाहेर पडले. अडचण सापडली, संध्याकाळपर्यंत दुरुस्त होईल." कोणी नको म्हणालं तर त्यांच्याच मोबाइलवरून स्क्रीनचं रेकॉर्डिंग मागवते आणि चाचणी खात्यावर तीच भूमिका लावून शोधते. त्याला अर्धा तास जास्त लागतो.