साथीत अंतर पाळताना: सहा फूट कुठे पुरतात, कुठे नाही

अंतर पाळल्याने कोरोनासारखी साथ मंदावते. खोकल्यातले मोठे थेंब बहुतेक 3 ते 6 फुटांत खाली पडतात. म्हणून मंडईत गाळ्यासमोर 6-6 फुटांवर खडूने खुणा करा, पुढचा सरकल्याशिवाय सरकू नका.

बारीक कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगतात. चूक इथेच होते: पेठेतली छोटी खोली, एसी चालू, खिडक्या बंद, आणि खुर्च्या लांब ठेवल्या म्हणून सगळे निर्धास्त! समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एकीत पंखा बाहेर तोंड करून लावा, मास्कने नाकही झाका. लक्षणं दिसण्याआधीही संसर्ग पसरतो, तेव्हा ठणठणीत माणसानेही हे पाळायचंच.

पीएमपी (पुण्याची शहर बस) खचाखच भरलेली असेल तर सरळ पुढची बस धरा.