रोबोटिक्समधल्या मशीन लर्निंगसाठी उद्योगाशी जोडलेली पीएचडी शिष्यवृत्ती : अर्जापासून करारापर्यंत

विद्यापीठाला प्रबंध हवा असतो आणि कंपनीला चालणारा रोबोट. या शिष्यवृत्तीत दोन्ही अपेक्षा एकाच विद्यार्थ्यावर येऊन पडतात. त्यांचा मेळ सुरुवातीलाच घातला नाही, तर दोन घरचा पाहुणा उपाशी अशी गत होते. त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ संशोधनाचा प्रश्न ठरवायला आणि करार वाचायला द्या. त्यापुढे अर्ज भरणं सोपं आहे.

पहिल्यांदा योजनेचा प्रकार ओळखा. फ्रान्सच्या सिफ्र योजनेत कंपनी तुम्हाला नोकरीवर घेते आणि तिला तीन वर्षं सरकारी अनुदान मिळतं. डेन्मार्कच्या औद्योगिक पीएचडीतही तुम्ही कंपनीचे कर्मचारी असता. ब्रिटनच्या आयकेस प्रकारात मात्र तुम्ही विद्यापीठाचे विद्यार्थीच राहता आणि किमान तीन महिने कंपनीत काम करता. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोडोव्स्का-क्युरी औद्योगिक डॉक्टरेटमध्ये निम्मा काळ तरी विद्यापीठाबाहेरच्या, बहुधा कंपनीसारख्या संस्थेत जातो. तिथे एक अट पुष्कळांच्या नजरेतून सुटते : नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. कर्मचारी की विद्यार्थी, हा फरक कागदापुरता नाही. पगार, रजा, विमा आणि तुमच्या शोधावरची मालकी या सगळ्या गोष्टी त्यावर ठरतात.

आता प्रश्नाकडे वळू. कंपनी सहसा काम सांगते : ‘आमच्या रोबोटला पेटीतले चकचकीत भाग उचलता आले पाहिजेत.’ हे झालं काम. त्यामागचा संशोधनाचा प्रश्न तुम्हाला शोधायचा आहे. चकचकीत पृष्ठभागावरून प्रकाश भलतीकडेच परावर्तित होतो, म्हणून डेप्थ कॅमेऱ्याच्या (प्रत्येक बिंदूचं अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याच्या) चित्रात नेमक्या त्याच जागी भोकं पडतात. मग असं विचारता येतं : अंतराची माहिती अपुरी असताना आपला अंदाज किती भरवशाचा आहे हे मॉडेलला कळेल का, आणि त्यावरून ते कॅमेऱ्यासाठी पुढचा कोन निवडू शकेल का? कंपनीची अडचण यात आलीच, शिवाय उत्तर दुसऱ्या कोणाच्याही रोबोटला लागू पडेल.

प्रश्न पक्का करण्याआधी तो तीन कसोट्यांवर घासून पाहा. उत्तर ‘नाही’ आलं तरी त्यावर प्रबंधाचं प्रकरण लिहिता येईल का? कंपनीने आपला डेटा बाहेर देऊ दिला नाही, तर खुल्या डेटासेटवर किंवा मुजोकोसारख्या सिम्युलेटरमध्ये (संगणकातच रोबोट चालवून पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तीच गोष्ट दाखवता येईल का? आणि वर्षभरात कंपनीने तो रोबोट बदलला, तर प्रश्न टिकेल का? तिसरी कसोटी सर्वांत कडक. उत्पादनांचा आराखडा सहा महिन्यांत बदलतो, प्रबंधाला तीन-चार वर्षं लागतात.

प्रस्ताव दोन पानांचा पुरतो, पण त्यात आकडे हवेत. कोणत्या जुन्या पद्धतीशी तुलना करणार, काय मोजणार, किती वेळा मोजणार, हे स्पष्ट लिहा. रोबोटिक्सच्या प्रस्तावांची सगळ्यात जास्त दुर्दशा इथेच होते. समजा नवी पद्धत २० पैकी १८ वेळा यशस्वी झाली आणि जुनी १६ वेळा. ऐकायला छान वाटतं. पण ९५ टक्के विश्वासाने पहिलीचं खरं यश साधारण ७० ते ९७ टक्क्यांत आणि दुसरीचं ५८ ते ९२ टक्क्यांत कुठेही असू शकतं. एवढ्यावरून नवी पद्धत सरस म्हणता येत नाही. प्रयोगांची संख्या शंभराच्या घरात न्या, वस्तूंच्या सुरुवातीच्या जागा आधीच ठरवून ठेवा आणि दोन्ही पद्धती आलटून पालटून चालवा. नाहीतर दुपारचा बदललेला उजेड किंवा झिजलेला ग्रिपर (रोबोटचा वस्तू पकडणारा पंजा) निकालात शिरतो.

डेटा गोळा करायला लागणारा वेळही मांडा. एक प्रात्यक्षिक, म्हणजे माणसाने रोबोटकडून ते काम एकदा करवून दाखवणं, ४० सेकंदांचं आणि वस्तू पुन्हा जागेवर ठेवायला ५० सेकंद धरले, तर २०० प्रात्यक्षिकांना ५ तास लागतात. फसलेली प्रात्यक्षिकं, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन आणि थकलेला ऑपरेटर लक्षात घेऊन दोन दिवस धरा. शिवाय कॅमेरा आणि रोबोटच्या सांध्यांच्या नोंदींचे टाइमस्टॅम्प (नोंद झाल्याच्या वेळा) जुळतात ना, हे पहिल्या दहा प्रात्यक्षिकांनंतरच तपासा. न जुळणाऱ्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल सतत थोडं उशिरा हलतं आणि दोष मात्र अल्गोरिदमवर येतो.

धोक्यांच्या परिच्छेदात ‘काही अडचणी येऊ शकतात’ असलं मोघम वाक्य नको. नुसती नक्कल करून शिकलेलं मॉडेल छोट्या चुकीनंतर अशा स्थितीत पोचतं जी प्रात्यक्षिकांत कधी आलीच नव्हती, आणि तिथून चूक वाढत जाते. त्यावर उपाय म्हणजे मॉडेलला चालू द्यायचं, त्या फसलेल्या स्थितींमध्ये माणसाने योग्य कृती दाखवायची आणि त्या नोंदी घालून पुन्हा शिकवायचं. २०११ मध्ये मांडलेली डॅगर पद्धत हीच. सिम्युलेशनमधून खऱ्या रोबोटवर जाताना घर्षण, संपर्क आणि आदेश पोचायला लागणारा वेळ या तीन ठिकाणी घसरण होते. त्यांची मूल्यं शिकवताना बदलती ठेवणार का, खऱ्या यंत्रावर मोजून घेणार का, ते लिहा.

करार मात्र ओळ न ओळ वाचा. लेख छापण्याआधी कंपनी किती दिवस तपासणार? ३० दिवस ठीक आहेत; पण मुदत उलटल्यावर संमती गृहीत धरली जाईल, हे वाक्य हवंच. रोबोटिक्समधल्या आयक्रा या मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे लेख साधारणपणे सप्टेंबरमध्ये जातात, म्हणजे मसुदा ऑगस्टच्या सुरुवातीलाच तयार असावा लागतो. पेटंटसाठी कंपनीचा उशीर समजण्यासारखा आहे : युरोपात अर्जाआधी शोध जाहीर झाला की त्याचं नावीन्य बहुतेक वेळा संपतं. पण त्या थांबण्यालाही महिन्यांत मर्यादा घाला. कोड, शिकवलेलं मॉडेल आणि डेटा यांची मालकी वेगवेगळी लिहून घ्या, कारण ‘निष्कर्ष’ या एकाच शब्दात तिन्ही कोंबले की वाद ठरलेला. प्रबंध तुम्हाला छापता येईल आणि परीक्षकांना पूर्ण वाचता येईल, हेही कलमात असू द्या.

रोबोट आठवड्यातून किती तास मिळणार, हा आकडाही लेखी हवा. ‘गरजेनुसार’ असेल तर उत्पादन नेहमी पुढे जातं. कामाला लागताच सुरक्षेचं प्रशिक्षण मागून घ्या. हाताने चालवण्याच्या कमी वेगाच्या मोडमध्ये रोबोटची मर्यादा सेकंदाला २५० मिलिमीटर असते. नवं मॉडेल पहिल्यांदा चालवताना त्याहून पुढे जाऊ नका आणि आपत्कालीन बटण हाताशी ठेवा.

शेवटचं कलम बहुतेक करारांत नसतंच : कंपनीने प्रकल्प सोडला किंवा तिथले मार्गदर्शक नोकरी सोडून गेले तर काय? उरलेल्या काळाचा निधी कोण देणार, तोवरचा डेटा प्रबंधात वापरता येईल का आणि दुसरे मार्गदर्शक कोण, ही तीन उत्तरं नावानिशी लिहून घ्या आणि मगच सही करा.