आत्मसन्मानासाठी ऑनलाइन थेरपिस्ट : ठाणे-नवी मुंबईकरांनी शोधायचा कसा, पारखायचा कसा

ज्याला स्वतःची किंमत कमी वाटते, तो थेरपिस्ट निवडतानाही तसाच वागतो. पदवी विचारणं त्याला आगाऊपणा वाटतं. फी परवडत नाही हे सांगायला जीभ रेटत नाही. चार सत्रं झाली तरी काही हलत नाहीये हे दिसतं, पण ‘माझंच काहीतरी चुकत असेल’ म्हणून पाचव्याचे पैसे भरले जातात. ज्या त्रासासाठी मदत हवी, तोच त्रास शोधात आडवा येतो. म्हणून ऐन वेळी धीर गोळा करावा लागू नये अशी तयारी आधी करून ठेवावी: प्रश्न लिहून, मेसेज तयार करून, महिन्याची मर्यादा ठरवून.

आधी आठवडाभर नोंद

‘माझा कॉन्फिडन्स लो आहे’ या वाक्यावर थेरपिस्टला फारसं काही करता येत नाही. प्रसंग लागतो. आठवडाभर मोबाइलच्या नोट्समध्ये रोज तीनच ओळी लिहा: काय घडलं, त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं, मग तुम्ही काय केलंत. उदाहरणार्थ: ‘महापेच्या ऑफिसात मीटिंग. मुद्दा सुचला होता. मनात आलं, बोललो तर सगळे हसतील. गप्प बसलो. पाच मिनिटांनी तोच मुद्दा शेजारच्याने मांडला, सगळ्यांनी मान डोलावली. घरी पोचेपर्यंत स्वतःला शिव्या.’ एवढ्या मजकुरात थेरपिस्टला हवं ते सगळं आहे: भीती, तिच्यामुळे टाळलेली कृती आणि नंतरची स्वतःची खरडपट्टी. भीती खरी ठरते का, हे टाळल्यामुळे कधी तपासलंच जात नाही. असे चार-पाच प्रसंग हाताशी असले की पहिलं सत्र नुसत्या ओळखीत वाया जात नाही.

जोडीला रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान मापनश्रेणी भरून ठेवा. १९६५ पासून वापरात असलेली ही १० विधानांची प्रश्नावली नेटवर मोफत मिळते. गुण ० ते ३० मधले. १५ च्या खाली आले तर आत्मसन्मान कमी असल्याचं साधारणपणे मानतात. हे निदान नव्हे. आजचा आकडा लिहून ठेवायचा तो दोन महिन्यांनी पुन्हा भरून ताडून पाहण्यासाठी.

नोंदी वाचताना एक गोष्ट तपासा. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास आहे, झोप-भूक बिघडली आहे, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नाही, कामावर जाणं जड जातंय, असं असेल तर हा केवळ आत्मसन्मानाचा प्रश्न नसून नैराश्य असू शकतं. तेव्हा आधी सायकियाट्रिस्टला दाखवा. आणि जगणं नको असे विचार येत असतील, तर मेसेजच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. १४४१६ ही केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. धोका समोरच असेल तर ११२ किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग.

पाटीवर काय लिहिलंय ते नीट वाचा

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषध तेच लिहून देतात. त्यांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी बंधनकारक आहे, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृतांची यादी शोधता येते. नाव आणि क्रमांक जुळतात का ते पाहा. नोंदणी मुदतीची असते, तीही चालू आहे ना ते बघा.

तिसरे समुपदेशक. बहुतेकांनी मानसशास्त्रात एमए किंवा एमएससी केलेलं असतं. गोंधळ इथेच होतो, कारण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसारखी रुळलेली नोंदणी त्यांच्यासाठी नाही, आणि त्याच पाटीखाली शनिवार-रविवारचा कोर्स केलेलेही बसतात. पदव्युत्तर पदवी कोणत्या विद्यापीठाची, कोणत्या थेरपीचं प्रशिक्षण घेतलं, आणि सध्या कोणाच्या सुपरव्हिजनखाली काम करता, असे तीन प्रश्न विचारले की पाणी कळतं. सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी थेरपिस्टबरोबर आपल्या केसेसची नियमित चर्चा. चांगला समुपदेशक हे अभिमानाने सांगतो. प्रश्नाचा राग येणाऱ्याला तिथेच रामराम करावा.

नुसत्या आत्मसन्मानाच्या त्रासासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच हवा असं नाही. नीट शिकलेला, सुपरव्हिजन घेणारा समुपदेशक पुरतो आणि लवकर मिळतो. लाइफ कोच, हीलर, ‘माइंडसेट गुरू’ यांची मात्र पाटीच वेगळी. नावामागे ‘डॉ.’ दिसलं तर ते कशाचं, हेही विचारायला हरकत नाही. पीएचडी, होमिओपॅथी, आयुर्वेद, सगळ्यांनाच ते लागतं.

शोधायचं कुठे

ऑनलाइनच करायचं तर बंगळुरूचा काय अन् ठाण्याचा काय, असं वाटतं. तरी जवळचा बघा. गरज पडली तर एखादं सत्र समोरासमोर घेता येतं, आणि औषध लागेलसं वाटलं तर आसपासच्या सायकियाट्रिस्टकडे तो थेट पाठवू शकतो. मराठीत सत्र घेणारा तर मुद्दाम शोधावा. मनातला टोमणे मारणारा आवाज बऱ्याचदा लहानपणी घरात ऐकलेल्या वाक्यांचा असतो. ‘तुला काय जमणारे’ हे जसंच्या तसं, त्याच सुरात बोलता आलं पाहिजे.

ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, १९९० पासून काम करते आहे. तिथे चौकशीची सुरुवात करणं सोयीचं. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून प्रशिक्षित समुपदेशकांमार्फत फोनवर आणि ईमेलवर बोलते. थेरपी घ्यावी की नाही, याच विचारात असाल तर आधी तिथे बोलून पाहणं स्वस्त आणि सोपं. पैशाची फारच ओढाताण असेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. १९०१ सालच्या या रुग्णालयाच्या नावाला लोक उगाच बिचकतात; ओपीडीत दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं.

ऐरोली, महापे, वाशीच्या बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक मोफत समुपदेशन सत्रं असतात. एचआरच्या पोर्टलवर ‘ईएपी’ (एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम, म्हणजे कर्मचारी साहाय्य योजना) शोधा. वापरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: सत्रं किती, आणि कंपनीला नाव कळतं की फक्त एकूण आकडा. सत्रं मोजकीच असतील तर सुरुवातीला ठीक, पण ती संपल्यावर त्याच थेरपिस्टकडे खासगीत चालू ठेवता येईल का, हेही आधीच विचारून ठेवावं.

मेसेज हाच पाठवा

एकाच वेळी तिघांना. यात अप्रामाणिकपणा काही नाही.

‘नमस्कार. आत्मसन्मानाच्या अडचणीसाठी ऑनलाइन थेरपी सुरू करायची आहे. वय ३१, राहणार ठाणे. ऑफिसात मत मांडणं टाळणं आणि नंतर स्वतःला बोल लावत बसणं हा मुख्य त्रास आहे. मंगळवार किंवा गुरुवार रात्री ८ नंतर वेळ जमेल. कृपया कळवा: आपलं शिक्षण व नोंदणी क्रमांक, अशा त्रासावर कोणत्या पद्धतीने काम करता, सत्र मराठीत होईल का, किती मिनिटांचं, फी किती आणि रद्द करण्याचा नियम काय. आधी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’

दोन-तीन कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या नावाला पाठवा. बऱ्याचदा वेळा भरलेल्या असतात. ‘माझी केस किरकोळ वाटली असेल’ असा अर्थ मनाने लावलाच, तर तोही नोंदवहीत लिहा, कामाला येईल.

फोनवर ऐकायचं ते पद्धतीबद्दल. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी. सीबीटीवाला म्हणेल की मनातली वाक्यं तपासू, टाळलेल्या गोष्टी छोट्या पायऱ्यांनी करून पाहू, सत्रांच्या मध्ये गृहपाठ असेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची १९५० च्या दशकातली आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, त्यामुळे आपल्याकडचे थेरपिस्ट तिचं नाव घेतील. तिचं म्हणणं थोडं वेगळं आहे: कृतीला गुण द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका. प्रेझेंटेशन फसलं म्हणजे प्रेझेंटेशन फसलं, त्यावरून ‘मी फालतू’ हा निकाल लागत नाही. स्वतःवर सतत कोरडे ओढणाऱ्यांना करुणाकेंद्री थेरपीही उपयोगी पडते. कोणतीही चालेल, पण आठवड्यागणिक काय करणार हे समोरच्याला साध्या भाषेत सांगता आलं पाहिजे.

‘पाच सत्रांत कॉन्फिडन्स वाढवून देतो’ म्हणणारा नको. आरशासमोर उभं राहून ‘मी उत्तम आहे’ घोकायला लावणारा तर नकोच. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात, मुळात आत्मसन्मान कमी असलेल्यांना अशी वाक्यं म्हणायला लावल्यावर त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. मनाला न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच विरुद्ध पुरावे काढतं, म्हणून.

पैसे

मुंबई-ठाणे पट्ट्यात खासगी ऑनलाइन सत्राला साधारण ८०० ते २,५०० रुपये पडतात, ४५ ते ६० मिनिटांचे. आठवड्याला एक धरलं तर महिन्याला ३,२०० ते १०,०००. तेवढं जमत नसेल तर सांगा: ‘मला सत्रामागे ९०० पर्यंत परवडेल. सवलतीची जागा आहे का, नसल्यास कोणाचं नाव सुचवाल?’ अनेक थेरपिस्ट काही जागा कमी फीसाठी राखून ठेवतात, पण विचारल्याशिवाय त्या कळत नाहीत. आधी चार साप्ताहिक सत्रं करून मग पंधरवड्यावर येणं, हे सुरुवातीपासून महिन्यातून एकदा भेटण्यापेक्षा बरं. महिन्याच्या अंतराने धागा सुटतो.

दहा सत्रांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका, सवलत कितीही असो. अर्ध्यातून सोडावंसं वाटलं तर पैसे अडकलेले असतात, आणि भिडस्त माणूस ते परत मागत नाही. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे, पण बहुतेक पॉलिसी अॅडमिट झाल्यावरचाच खर्च देतात. ओपीडी कव्हर आहे का ते बघा. जॉइंट खातं असेल तर यूपीआयचा मेसेज घरात कोणाच्या फोनवर वाजतो, हेही लक्षात असू द्या.

जागा आणि फोन

वन बीएचकेत सगळ्यात मोठी अडचण हीच. हेडफोनने समोरच्याचा आवाज बाहेर जात नाही, तुमचा मात्र स्वयंपाकघरापर्यंत जातो. पंखा फुल, दाराबाहेर मोबाइलवर पावसाचा आवाज, दाराच्या फटीला टॉवेल, एवढ्याने बरंच भागतं. सोसायटीत उभ्या गाडीत बसणं उत्तम, पण बेसमेंट पार्किंगला नेटवर्क नसतं. आदल्या दिवशी तिथून एक व्हिडिओ कॉल करून बघा. ऑफिसची छोटी मीटिंग रूम काचेची असते, आणि डोळ्यांत पाणी आलं तर अवघडायला होतं. तलावपाळीवर संध्याकाळी बोलणं अशक्यच. लोकलमध्ये सत्र घेऊ नये, अगदी ऑडिओही.

व्हिडिओच्या तासाला अर्धा ते एक जीबी डेटा जातो. थेरपिस्टने झूमची फुकटातली लिंक पाठवली तर ती ४० मिनिटांनी तुटते, आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य तेव्हाच तोंडावर आलेलं असतं. गुगल मीट सुचवा. कॉल तुटला तर पाच मिनिटांत कोण कोणाला फोन करणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

सुरुवातीला संमतीपत्र भरून घेतात. त्यात तुमचा पत्ता आणि अडीअडचणीला कळवायच्या माणसाचा नंबर असतो. ऑनलाइन असताना हे मागणं योग्यच आहे. घरचं नाव द्यायचं नसेल तर मित्राचं द्या. गोपनीयतेचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची बाब असेल, तर थेरपिस्टला बोलावं लागू शकतं. रेकॉर्डिंग होतं का आणि नोंदी कुठे ठेवता, हे विचारून घ्या.

सुरू झाल्यावर काय बिघडतं

पहिली दोन सत्रं माहिती घेण्यात जातात. तिसऱ्यापर्यंत ध्येय ठरलेलं असावं, आणि ते दिसण्याजोगं: ‘कॉन्फिडन्स वाढवणे’ नव्हे, ‘सोमवारच्या मीटिंगमध्ये एकदा तरी बोलणे’.

इथे एक सापळा आहे. इतरांना खूश ठेवायची सवय असलेला माणूस थेरपिस्टलाही खूश ठेवू लागतो. गृहपाठ केलेला नसतो, तरी ‘केला, बरं वाटलं’ म्हणतो. उपाय सरळ आहे. ‘मला तुम्हाला नाही म्हणायला जड जातं, त्यामुळे मी हो म्हटलं तर एकदा खोदून विचारा’, हे दुसऱ्याच सत्रात सांगून टाका. तोंडाने नाही जमलं तर चॅटमध्ये टाइप करा. दुसरी गडबड थेरपिस्टकडून होते: दर वेळी कौतुक, सल्ले, धीराचे चार शब्द. कॉल संपल्यावर छान वाटतं आणि गुरुवारी ऑफिसात तोच माणूस तसाच गप्प. सत्र अवघड गेलं, डोकं जड झालं, हे वाईट लक्षण नाही. सत्रांच्या मधल्या दिवसांत काहीच बदलत नाही, हे आहे.

चौथ्या सत्रात मुद्दाम दहा मिनिटं मागून घ्या: कुठे होतो, कुठे आलो, पुढे काय. आठव्याच्या आसपास रोझेनबर्गची प्रश्नावली पुन्हा भरून आकडा थेरपिस्टला दाखवा. आकडा तिथेच, प्रसंगही तेच, तर पद्धत बदलायची की माणूस, हे उघडपणे बोला. बदलायचं ठरलं तर एवढं पुरे: ‘आपल्याबरोबरची सत्रं इथे थांबवायची आहेत. आतापर्यंतच्या कामाचा अर्ध्या पानाचा सारांश मिळेल का? पुढच्या थेरपिस्टला देता येईल.’ कारण विचारलं तर सांगा, नाही सांगितलं तरी चालतं. सारांश हाती आला की तोच जुना मेसेज पुढच्या तिघांना पाठवा; आणि वरच्या ओळीत आता ‘याआधी आठ सत्रं झाली आहेत’ एवढं घाला.