फ्लक्स निवडायचाय? आधी धातुकातली घाण ओळखा

रामटेककडचं, मनसर-कांद्रीचं मँगनीजचं धातुक हातात घेतलं की सगळे त्याच्या काळ्या चमकेकडे बघतात, पण फ्लक्स, म्हणजे घाण काढायला भट्टीत धातुकाबरोबर टाकतात तो पदार्थ, ठरवायचा असेल तर त्यात अडकलेली पांढरी गारगोटी बघा, ती सिलिका आहे आणि एकटी असली तर १७०० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. तिला कमी तापमानात पातळ करून बाहेर काढायची, फ्लक्सचं काम तेच.

घाण आम्लधर्मी असेल, म्हणजे सिलिका, तर आम्लारीधर्मी फ्लक्स घ्या, चुनखडी नाहीतर डोलोमाइट. घाण आम्लारीधर्मी असेल तर उलटं, तांब्याच्या भट्टीत लोहाचं ऑक्साइड काढायला चक्क वाळू टाकतात.

आता किती टाकायचं, इथेच पोरं अडकतात. समजा १ टन लोहखनिजात ६ टक्के सिलिका आहे, म्हणजे ६० किलो. १०० किलो शुद्ध चुनखडी तापली की ५६ किलो चुना उरतो आणि तो ६० किलो सिलिकेला बरोबर पुरतो, कॅल्शियम सिलिकेट बनतं, तीच मळी, म्हणजे स्लॅग. पण कोकच्या, म्हणजे भट्टीत जाळायच्या कोळशाच्या, राखेतही सिलिका असते बरं का, ती धरलीच पाहिजे. आणि जास्त टाकलं तर चांगलंच असं अजिबात नाही, मळी घट्ट होते, वाहत नाही, वरून कोकही जास्त जळतो.

मँगनीजमध्ये तर हा हिशोब फारच महत्त्वाचा. चुना कमी पडला की सिलिका मँगनीजच्या ऑक्साइडलाच धरून बसते आणि आपला माल मळीतून वाहून जातो, चुना घातला की तो सिलिकेला पकडतो आणि मँगनीज सुटा होतो. काही कारखाने मळीत मँगनीज मुद्दाम ठेवतात, तीच मळी पुढे सिलिकोमँगनीज हा मिश्रधातू बनवायला वापरतात, म्हणून आधी आपल्याला काय बनवायचंय ते ठरवा.

भट्टीच्या विटा पण बघून घ्या, सिलिकेच्या विटांना चुन्याची मळी खाऊन टाकते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर नागपुरात इतवारीच्या सराफ्यात एखाद्या सोनाराला विचारून मुशीजवळ उभे राहा. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, हा सोनाराचा फ्लक्स, तो टाकला की आधी फुगतो, त्यातलं पाणी उडतं, मग काचेसारखा पातळ होऊन सोन्यावर पसरतो, तांब्याचं ऑक्साइड विरघळवून घेतो आणि हवा लागू देत नाही. थंड झाल्यावर ती काच हिरवट-निळसर दिसली तर समजा तांबं तिच्यात उतरलंय.