कस्टम्सच्या कागदांतील या चुका टाळा

न्हावाशेवा बंदरातून जाणाऱ्या-येणाऱ्या मालाची कागदपत्रे तयार करण्यात माझी बावीस वर्षे गेली असून, एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक, मागच्या शिपिंग बिलावरून (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायच्या कागदावरून) उचलून चिकटवण्याइतकी महागात पडणारी दुसरी सवय मी पाहिलेली नाही. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही क्रमांकपद्धती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. तिचे पहिले सहा अंक ती स्वीकारणाऱ्या सर्व देशांत एकच असतात; पुढचे अंक ज्याचे त्याने जोडायचे, आणि आपण दोन जोडतो. इथे लिहिलेले सहा अंक म्हणूनच पलीकडच्या बंदरातील अधिकाऱ्याला दुभाष्याविना वाचता येतात, आणि त्यातील चूकही.

सांगलीच्या एका व्यापाऱ्याने हळदपुडीसोबत प्रथमच तयार मसाल्याची पाकिटे आखातात पाठवली आणि सगळ्या मालाला हळदीचाच ०९१०.३० हा क्रमांक लावला. ‘‘साहेब, त्यात हळदच तर जास्त आहे, उगाच वेळ कशाला घालवता?’’ असे तो म्हणाला आणि घाई होती म्हणून मीही मान डोलावली. हळद, धणे, मिरची अशा वेगवेगळ्या शीर्षकांतील (म्हणजे पहिले चार अंक वेगळे असलेल्या) मसाल्यांचे मिश्रण ०९१०.९१ मध्ये जाते. मीठ वगैरे घालून त्याचे मूळ स्वरूपच बदलले, तर ते थेट २१०३ मध्ये जाऊन बसते. तिकडे खोके उघडले गेले, पाकिटावरील घटकांची यादी मूळदेशाच्या प्रमाणपत्राशी (माल कोणत्या देशात तयार झाला हे सांगणाऱ्या कागदाशी) जुळेना, कंटेनर अकरा दिवस अडकला आणि डेमरेजने, म्हणजे माल बंदरात अडकून राहिल्याच्या आकाराने, नफा गिळला. तेव्हापासून पाकीट हातात घेऊन मागचे घटक मोठ्याने वाचल्याशिवाय मी क्रमांक लिहीत नाही. कार्यालयातील मुले हसतात, हसू देत.

आयातदारांचा लाडका गैरसमज असा की, परदेशातून मूळदेशाचे प्रमाणपत्र आले म्हणजे व्यापार करारातील सवलतीचा शुल्कदर मिळालाच. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८डीए आणि २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार, माल तिथे कसा तयार झाला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची असते, तीही बिल ऑफ एन्ट्रीच्या (आयातीसाठी कस्टम्सला द्यायच्या कागदाच्या) तारखेपासून किमान पाच वर्षे. अधिकाऱ्याने मागितल्यास दहा कामकाजाच्या दिवसांत ती द्यावी लागते, आणि समाधान न झाल्यास विचारणा थेट निर्यातदार देशाच्या यंत्रणेकडे जाते. मी पुरवठादाराकडून उत्पादनाचा तपशील ऑर्डरबरोबरच मागवतो, कारण पैसे पोचल्यावर तो फोन उचलत नाही.

इन्व्हॉइसवर किंमत कमी दाखवण्याचा सल्ला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. खरी किंमत पडताळायला तिकडची निर्यात घोषणा मागवण्याची कस्टम्सची सोय देशादेशांतील परस्पर सहकार्याच्या करारांत आहे. एईओ (कस्टम्सने विश्वासू ठरवलेला व्यापारी) या दर्जाचा परदेशात उपयोग होतो तो परस्पर मान्यतेचा करार झालेल्या देशांतच. प्रदर्शनासाठी एटीए कार्नेवर (माल शुल्काविना तात्पुरता नेऊन परत आणण्याच्या परवान्यावर) नेलेला नमुना तिथेच विकू नये. तो परतल्याची नोंद कार्नेवर झाली नाही, तर तिथल्या शुल्काची मागणी फिक्की या उद्योग-व्यापार महासंघामार्फत तुमच्याकडेच येते.