काळ्यांकडून कॅरो-कान : आधी उंट, मग ई६

कोल्हापूर-सांगलीकडच्या रविवारच्या बुद्धिबळाच्या रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धांमध्ये पांढरे घेऊन बसलेली पोरं बहुतेक वेळा ई४ (राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे) खेळतात, आणि तेही घड्याळावर जोरात हात आपटून. काळे मिळालेल्या नवख्याचं धाबं तिथंच दणाणतं. व्हिडिओ बघून सिसिलियन बचाव (ई४ला सी५) पाठ करणारे पुष्कळ, पण समोरच्यानं पाचव्या खेळीला वाट बदलली की पाठांतर संपलं! माझं ऐकाल तर आधी कॅरो-कान बचाव घ्या. ई४ला सी६, डी४ला डी५.

सी६ दिसायला मिळमिळीत, म्हणून पोरं नाक मुरडतात. मुरडू देत. होरेशिओ कॅरो आणि मार्कस कान यांनी १८८६ मध्ये याचं विश्लेषण छापलं. १९५८ मध्ये बॉटविनिकनं स्मिस्लॉवकडून जगज्जेतेपद परत मिळवलं, तेव्हाही काळ्यांकडून हे हत्यार त्याच्या हातात होतं.

सगळी गोम सी८ वरच्या उंटात आहे. फ्रेंच बचावात ई६ खेळून आपणच त्याला कोंडतो. इथं डी५ला आधार सी६चा, त्यामुळे उंटाची वाट मोकळी. म्हणून उंट आधी बाहेर, ई६ नंतर.

आमच्याकडे सर्रास भेटतं ते ३.ई५ (पांढऱ्याची तिसरी खेळी ई५). तुम्ही उंट एफ५वर नेलात आणि त्यानं एच४ ढकललं, तर हात आवरा. सवयीनं ई६ खेळलात की जी४ येतं. उंट ई४वर गेला तर एफ३, जी६वर परतला तर एच५, आणि उंट पटाच्या मधोमध मेला. त्यामुळे एच४ला सरळ एच५ करा. उंट सुरक्षित झाला की ई६, आणि मग सी५. ही सी५ची खेळी विसरू नका. पांढऱ्याची प्याद्यांची साखळी डी४वर उभी असते, घाव तिथंच घालायचा. घोडा सी६वर, वजीर बी६वर आला की डी४ आणि बी२ दोन्हींवर दाब येतो.

प्यादी मारामारी झाली (३.ई×डी५ सी×डी५) तर फार डोकं लावू नका, मोहरे बाहेर काढा आणि कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेणारी खेळी) उरका.

३.घोडा सी३ला डी×ई४, घोडा×ई४ आणि पुन्हा उंट एफ५. इथं चौथ्या खेळीला घोडा डी७ही चालतो, पण पांढरा वजीर ई२वर आला की राजाकडचा घोडा एफ६वर काढू नका. पांढरा घोडा डी६वर बसतो आणि थेट मात! ई७चं प्यादं वजिरानं जखडलेलं असतं, त्याला मारता येत नाही.

डी४नं सुरुवात करणाऱ्यांविरुद्ध याचाच भाऊबंद स्लाव बचाव : डी५, आणि सी४ला सी६. तिथं मात्र उंट घाईनं एफ५ला नेण्याआधी बी७च्या प्याद्याकडे बघा, कारण पांढरा डी५वर मारामारी करून वजीर बी३वर आणतो.