एका दिवसाच्या सहलीत जुन्या वास्तूंचे फोटो: आधी दिशा, मग कॅमेरा

शनिवार-रविवारच्या सहलीत आपण वास्तूपाशी कधी पोहोचणार हे बहुधा एसटीचे वेळापत्रक आणि वाटेतला नाश्ता ठरवतात, आणि मग भर दुपारी, डोक्यावरच्या उन्हात, सपाट दिसणाऱ्या देवळाचे फोटो घेऊन परतावे लागते. हे टाळायचे असेल तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मोबाइलवरच्या नकाशात उपग्रहचित्र उघडावे, वास्तूचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहावे आणि दिवसाचा क्रम त्यानुसार लावावा. नवी लेन्स घेण्यापेक्षा या पाच मिनिटांचा उपयोग जास्त होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

शनिवारवाड्याचे उदाहरण घ्या. त्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे सहलींच्या ऐन हंगामात या दरवाज्यावर थेट ऊन पडतच नाही आणि मागचे आकाश मात्र लख्ख असते. मार्चअखेरीनंतर सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवू लागतो आणि सकाळी लवकर या दर्शनी भागावर तिरपे ऊन येते. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस (मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असण्याचा दिवस) येतो, आणि त्या दोन्हींच्या दरम्यान भर दुपारचा सूर्यदेखील थोडा उत्तरेला असतो. अर्थात त्यातला बराच काळ ढगांचा. ज्यांना डिसेंबरमध्येच जायचे आहे त्यांनी सूर्योदयाच्या आधी किंवा सूर्यास्तानंतरच्या वीस मिनिटांत फोटो घ्यावा, कारण त्या वेळी आकाश आणि दगड यांच्या उजेडातले अंतर बरेच कमी झालेले असते.

सिन्नरचे गोंदेश्वर आणि कृष्णाकाठच्या खिद्रापूरचे कोपेश्वर ही दोन्ही मंदिरे पूर्वाभिमुख आहेत, म्हणून दर्शनी भागासाठी सकाळ उत्तम. बाहेरच्या भिंतीवरील शिल्पांसाठी मात्र समोरून पडणारे ऊन कामाचे नसते. ऊन भिंतीला घासून जात असेल तेव्हाच मूर्तीच्या दागिन्यांची कड आणि वस्त्राची चुणी उठून दिसते. थंडीच्या दिवसांत दक्षिणेकडच्या भिंतीवर असे ऊन सकाळी नऊच्या सुमारास मिळते.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची एक वेगळी अडचण आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सगळे दृश्य मध्यम राखाडी मानून चालतो, त्यामुळे चौकट दगडाने भरली की तो उजेड वाढवतो आणि काळा बेसॉल्ट धुळकट दिसू लागतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, अर्धा ते एक स्टॉप खाली आणावे (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). मोबाइलवर दगडावर बोट टेकवून बाजूला येणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढली की तेच काम होते. चौकटीत आकाश जास्त असेल तर नेमके उलटे घडते, दगड काजळासारखा काळा पडतो. तिथे एचडीआर (उजळ आणि काळोखे असे दोन्ही भाग सांभाळणारी कॅमेऱ्याची सोय) चालू ठेवावे किंवा आकाशच कमी घ्यावे.

कोपेश्वराच्या बाह्यांगावरचा गजथर, म्हणजे कोरलेल्या हत्तींची रांग, खालच्या पातळीवर आहे. उभ्याने घेतलेल्या फोटोत हत्तींच्या पाठी तेवढ्या येतात. सरळ जमिनीवर बसावे, कॅमेरा हत्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा आणि थराच्या रेषेत तिरका धरावा, म्हणजे एकामागोमाग एक हत्ती मंदिर पेलत असल्याचा भास चित्रात उतरतो. याच मंदिराच्या पुढच्या, स्वर्गमंडप नावाच्या मंडपाचे छत मध्यभागी गोलाकार उघडे आहे आणि त्याच्या बरोबर खाली वर्तुळाकार शिळा आहे. मोबाइल पडदा वर करून शिळेच्या मध्यावर ठेवावा, समोरचा कॅमेरा निवडून टायमर लावावा आणि बाजूला व्हावे; बारा खांबांचे कडे आणि मधले आकाश एका चित्रात नीट बसते. मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य तिथे जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणून उन्हाचा गोल शिळेच्या मध्याशी पडतो. भर दुपार साधावी अशी ही दुर्मीळ जागा.

उंच शिखर टिपताना कॅमेरा वर कलवला की वास्तू मागे झुकल्यासारखी दिसते. त्यावर उपाय म्हणजे मागे सरकणे, पडद्यावरची जाळी चालू करून कॅमेरा सरळ धरणे आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापून टाकणे. जागा नाही म्हणून सर्रास मोबाइलची ०.५ची (अतिरुंद दृश्य घेणारी) लेन्स वापरू नये. कडेचे खांब तिच्यात ताणले जातात.

वाईला ढोल्या गणपतीच्या समोरून सगळेच फोटो घेतात. पण रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या मंदिराची खरी गंमत मागे आहे: पुराच्या पाण्याचा जोर दुभंगावा म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. ती घाटावरून, बाजूने घ्यावी, आणि चौकटीत नदी असावी, नाहीतर त्या आकाराचे कारण कळत नाही. तिथून जवळच मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर मोठी घंटा टांगलेली आहे. वसईच्या १७३९ च्या, पोर्तुगीजांवरील विजयानंतर आणलेल्या या घंटेवर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती असून १७०७ हे साल कोरलेले आहे. मागून येणाऱ्या उजेडामुळे घंटा नुसती काळी दिसते, म्हणून मागचे आकाश चौकटीबाहेर राहील अशी जागा शोधावी आणि फ्लॅश टाळावा. धातूवर पांढरा डाग पडून आकृती पुसून जाते.

गाभाऱ्याचा फोटो पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय काढू नये. केंद्र संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड आणि ड्रोन यांना पूर्वपरवानगी लागते. अंधाऱ्या मंडपात मोबाइल ओट्यावर टेकवून नाइट मोड वापरला तरी बहुतेक वेळा भागते. निघण्यापूर्वी माहितीफलकाचा एक फोटो घ्यावा आणि त्याच रात्री प्रत्येक चांगल्या फोटोला ठिकाण, भिंतीची दिशा आणि वेळ लिहून ठेवावी, कारण पुढच्या खेपेला त्याच भिंतीसाठी किती वाजता पोहोचायचे हे त्या नोंदीवरूनच ठरवता येते.